खळं

क्रिसफिल्ड हे गाव टरफलांवर उभं आहे.
अलंकार नाही हा; कालवं फोडली, खाल्ली,
शिंपले खाडीत ओतले,
आणि त्या भरावावर रस्ता, चर्च, पोस्ट ऑफिस.

एनिस टल बादली घेऊन आला.
बादलीत टोमॅटोची मुळं:
कुणी रागानं जपमाळ पिळून टाकावी
तशी गाठाळलेली.
"वडिलांनी जमिनीला धुरी दिली, मीही दिली.
आता विहिरीला वास येतो
आणि हे आहेत तिथंच."

सूत्रकृमी. सुताहून बारीक.
त्यांच्या अंड्यालाही कवच असतं,
आणि त्या कवचात तेच कायटिन
जे खेकड्याच्या पाठीत,
नाकतोड्याच्या गुडघ्यात,
बुरशीच्या भिंतीत.
इतके वेगळे जीव, शिंपी मात्र एकच.

ती शिवण उसवणारे जिवाणू
मातीत आहेतच, केव्हाचे. उपाशी.
त्यांना टरफलाची चटक लावायची, मी म्हटलं,
म्हणजे ते एन्झाइम सोडतील,
आणि मग अंडं काय, खेकडा काय.
एनिसनं आपली नखं पाहिली.
"आणि ही?"
नाही, नखांचा धागा निराळा.
त्याला ते पुरतं पटलं नसावं;
त्या दिवशी त्यानं हातमोजे काढले नाहीत.

खेकडे सोलायच्या शेडमध्ये लुरीन व्हिटिंग्टन,
चाळीस वर्षं तीच सुरी,
मूठ तिच्या पंजाच्या आकाराची झालेली.
"कचऱ्याला पैसे देतेस?"
ती इतकी हसली की
रांगेतल्या सगळ्याजणींच्या सुऱ्या थांबल्या.
मग तिनं सहा पोती भरून दिली
आणि सातव्याचे पैसे घेतले नाहीत.

प्रयोगशाळेत दुधट बशी.
तिच्यावर एनिसच्या बांधावरच्या मातीतला एक जीव,
खडूच्या ठिपक्याएवढा,
झाकण उचललं की नव्या माठाचा वास.
पाचव्या दिवशी त्याच्याभोवती
दूध निवळलं होतं.
गोल, स्वच्छ, काचेपर्यंत आरपार.

वहीत इंग्रजीत लिहायचं होतं.
हातानं लिहिलं: खळं.
चंद्राला पडतं ते.
आणि वेंगुर्ल्याला आत्याच्या दारापुढचं, शेणानं सारवलेलं,
जिथं भात झोडतात,
जिथं दाणा आणि फोल
एकमेकांना सोडतात.
वही तपासणाऱ्या डॉक्टर हॅलोरननं
त्या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल काढला
आणि प्रश्नचिन्ह घातलं.
खळ्याला खळं.

बारा ओळी. सहांना टरफलांचा चुरा,
सहा जशाच्या तशा.
उन्हाळाभर मी माश्या आणि वास अंगावर वागवला;
दुकानात लोक माझ्यामागे रांगेत उभे राहायचे
जरा लांब.
ऑगस्टमध्ये मुळं उपटली.
चुरा घातलेल्या चार ओळी सरळ, पांढऱ्या,
लहान मुलाच्या विंचरलेल्या केसांसारख्या.
एक अर्धीमुर्धी.
आणि नववी:
तीच जपमाळ.

तोच चुरा, तेच हात, तोच आठवडा.
पाणी साचलं असेल.
किंवा तिथं दुसरंच कुणी जेवून गेलं असेल;
मातीत पंगत कुणाची बसते
हे यजमानालाही कळत नाही.

आत्याला फोनवर सगळं सांगितलं.
"अगो, कुर्लेची टरफलां
आमी माडाच्या मुळात घालतव.
ह्याच्यासाठी अमेरिका कित्याक?"
मी म्हटलं, माड का धरतो ते कळायला.
"धरता म्हणान धरता," ती म्हणाली,
आणि मग बऱ्याच वेळानं,
"कोपऱ्यातलो एक मात्र कधी धरूक नाय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नवव्या ओळीत,
गुडघ्यांवर. डबीत माती भरली,
तारीख लिहिली,
पुढे काय लिहावं ते सुचेना.
बांधावर लुरीननं पाठवलेली नवी पोती,
एकातून निळा आकडा बाहेर आलेला,
काही तरी धरायच्या बेतात.

एनिस फावडं घेऊन आला.
"कुठून सुरू करू?"
मी बसले होते तिथूनच, म्हटलं,
आणि सरकले.